आतलं बटण

"आतून बाहेर येणाऱ्या माणसाला कुणाची परवानगी मागायला लागू नये," गुंडू चौगुले म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याची पेन्सिल नकाशावर अडली. वाक्य त्याचंच होतं, वापरून वापरून गुळगुळीत झालेलं. कोल्हापुरात जिथं जिथं त्यानं दारांच्या वायरिंगचं नियोजन केलं होतं, बँका, दवाखाने, शोरूम, तिथं तिथं ते त्यानं कुणा ना कुणा मालकाला ऐकवलं होतं, आणि ऐकवताना स्वतःबद्दल त्याला जरा बरंही वाटायचं. आज वाक्य तोंडातून सुटलं आणि समोर बसलेल्या राजनंदिनीनं लॅपटॉपमधून मान वर काढून त्याच्याकडं पाहिलं. फार वेळ नाही. पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. ही त्याच्या हाताखालची इंजिनिअर, गडमुडशिंगीहून रोज स्कूटीवर येणारी, कामापुरतं बोलणारी पोरगी. तिच्या बघण्यात राग नव्हता, कुचेष्टाही नव्हती. तिला फक्त माहीत होतं. मागच्या दिवाळीनंतर गुंडूच्या राहत्या फ्लॅटच्या दाराला कार्डाचं कुलूप बसवायला तीच आली होती, आणि वायर ओढून झाल्यावर तिनं विचारलं होतं, "सर, आतलं बटण कुठं घेऊ?" त्यावर गुंडू म्हणाला होता, "बटण नको. आतपण कार्डच लाव."

बैठक चालली होती कावळा नाक्याजवळच्या साइटवर, पत्र्याच्या खोलीत. मालक हंबीरराव, हुपरीचे चांदीचे व्यापारी. खाली शोरूम, वर ऑफिसं, आणि चौथ्या मजल्यावर एक लांबलचक हॉल, तिथं बायका बसून पैंजणांना घुंगरू जोडणार होत्या. त्या हॉलच्या डोक्यावरच्या स्लॅबची सळई बांधून होत आली होती. काँक्रीट पडायच्या आत दारादारापर्यंतचे पाइप सळईत झोपवायला हवेत, म्हणजे पुढं त्यातून वायरी ओढता येतात. ज्या दाराचा पाइप राहिला त्या दारासाठी नंतर नवी भिंत फोडत बसावं लागतं. म्हणून कुठल्या दाराला बाहेर कार्डाची पेटी, वर चुंबक, आत बटण, (वीज असेतो दार धरून ठेवतो तो), हे सगळं आजच ठरायचं होतं. बाकीच्या दारांवर हंबीररावांनी नुसती मान डोलावली होती. घोडं अडलं ते चौथ्या मजल्यावर. त्या हॉलला त्यांना आतलं बटण नको होतं.

"चांदी हाय ओ साहेब ती," हंबीरराव म्हणाले. "घुंगरू केवढं असतंय? हरभऱ्याएवढं. अंबाड्यात खोवलं तर दिसतंय व्हय? सुपरवायझर कार्ड लावंल, झडती घिल, मग सोडंल. ह्या बायका आपल्या आपण बटण दाबून भाईर जायला लागल्या तर मी काय, टाळ कुटत बसू?"

"आणि आत कुणाला चक्कर आली? धूर झाला?"

"सुपरवायझर हाय की."

"तो जेवायला गेला असला तर?"

"तुमी लईच वंगाळ बोलताय बगा." हंबीरराव हसले, खुर्ची पुढं ओढून घेतली आणि अगदी घरगुती आवाजात म्हणाले, "बरं, मला सांगा. तुमच्या सोताच्या घरात असती अशी जोखीम, तर तुमी ठेवलं असतं का आतनं बटण? खरं सांगायचं."

त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. ते बोलायचं म्हणून बोलले होते. पण गुंडूनं उगाच नकाशाची सुरळी उलगडून पुन्हा गुंडाळली. राजनंदिनी या वेळी मान वर करणार नाही हे त्याला कळलं, आणि ती करत नाही हेच त्याला जास्त लागलं. पोरीनं आपल्याला झाकून घेतलं. तिनंच मग कोरड्या आवाजात सुचवलं की पाइप तरी टाकून ठेवू, रिकामा राहिला तर राहिला, बटणाचं नंतर बघता येईल. रिकामा पाइप! आपल्या घरी आपण तेवढीसुद्धा सोय ठेवली नाही, गुंडूच्या मनात आलं. पुढं मागं मन बदलेल, आजारी आक्काला बरं वाटेल, काहीतरी होईल, एवढीसुद्धा जागा ठेवली नाही. मग अचानक त्याचा आवाज चढला, इतका की बाहेर सळई बांधणारे वळून बघू लागले. "रिकामाबिकामा काही नाही. बटण बसणार. माणसं काय म्हशी आहेत का दावणीला? तुम्हाला नको असेल तर हे काम दुसऱ्या कुणाकडून करून घ्या." हंबीरराव चपापले. एका बटणापायी एवढं तापायला काय झालं, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. "बसवा की मग," ते म्हणाले. "निदान दाबलं की घंटा तरी वाजू दे." राजनंदिनीनं नकाशावर हॉलच्या दाराशी, आतल्या बाजूला, बटणाचा एक लहानसा गोल काढला. एवढंच. गुंडू त्या गोलाकडं बघत राहिला आणि दुपारचं बाकीचं काम तिच्यावर सोपवून उठला.

गाडी सुरू केली खरी, पण दोन्ही हात नुसते स्टिअरिंगवर ठेवून तो बसून राहिला. माणसाला आपल्या धंद्यात अभिमान कशाचा असावा? गुंडूला होता तो याचा, की तो आधी माणसं बघायचा आणि मग वायर. नवीन काम आलं की तो इमारतीत नुसता उभा राहायचा. चहावाला कुठून येतो, झाडूवाली बादली कुठं ठेवते, साहेब कुठल्या दारानं सटकतात. वर्तमानपत्रात कुठं आग लागल्याची बातमी आली की तो आधी दार कुठलं होतं ते वाचायचा. वीज गेली की दार आपोआप सुटलं पाहिजे, म्हणून तो भांडायचा. आणि याच माणसानं स्वतःच्या दाराला दुप्पट बॅटरी लावली होती, वीज गेली तरी सुटू नये म्हणून. लावताना त्याला काही वाटलं नव्हतं. वाटलं नव्हतं असं कसं म्हणावं. निर्धास्त वाटलं होतं. त्या रात्री कितीतरी महिन्यांनी त्याला गाढ झोप लागली होती, आणि आता त्या झोपेचीच त्याला लाज वाटली.

आक्का त्याची थोरली बहीण. आई म्हटलं तरी चालेल, आणि लोक तसं म्हणायचेच. गेल्या दोन-अडीच वर्षांत तिला विसर पडत चालला होता. आधी गॅस, मग नावं, मग माणसं. डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढून दाखवले आणि समजुतीच्या सुरात सांगितलं की हे आता असंच उताराला लागणार. उताराला सगळं लागलं, एक गोष्ट सोडून. दुपारचा चहा झाला की ती उठायची, पदर खोचायची, पिशवीत एक लुगडं कोंबायची आणि म्हणायची, "चला, नेसरीची गाडी लागली असंल." कुणी अडवलं की खवळायची. एकदा ती स्टँडवर सापडली, गडहिंग्लजकडच्या गाड्या लागतात तिथं, बाकावर, शेजारच्या बाईला मिरच्यांचा भाव समजावून सांगत. दुसऱ्यांदा हायवेवर, ट्रकच्या धुरळ्यात, पायांत एकच चप्पल. त्या दिवशी विमल, गुंडूची बायको, जयसिंगपूरच्या शाळेतून धावतपळत आली आणि रिक्षातून उतरताच रस्त्यावरच रडली. ती रोज शाळेला जाणार, गुंडू साइटवर, मुलगा पुण्यात. दिवसभर घरी धोंडुबाई, स्वयंपाकाची आणि आक्काच्या सोबतीची बाई. ती एकटी किती पुरी पडणार? म्हणून कुलूप. कुणीही हेच केलं असतं, असं विमल म्हणाली, डॉक्टर म्हणाले, शेजारचे तर म्हणाले की नशीबवान आहे म्हातारी, असा भाऊ मिळाला. गुंडूनं ते सगळं ऐकून घेतलं होतं, आणि मनातून त्याला ते पटलंही होतं.

पण नेसरी म्हणजे काय, हे यांच्यापैकी कुणाला माहीत होतं? आक्काला तिथं दिली होती. चार-पाच वर्षांचा संसार, मग नवरा ट्रॅक्टरखाली गेला. मूल नव्हतं. विधवा सून म्हटली की पुढचं सगळे धरूनच चालतात, पण तिची सासू तानाबाई, आक्का तिला आत्ती म्हणायची, वेगळ्याच मुशीतली. "माझा ल्योक गेला, तू कुठं चालली?" असं म्हणून तिनं आक्काला ठेवून घेतली, बाजारात आपल्या शेजारी बसवली, मिरची पारखायला शिकवलं. देठ मोडून वास घ्यायचा, बी वाजवून बघायचं. पुढं आक्काची स्वतःची जागा झाली बाजारात, स्वतःचं तागडं. गुंडूला हे माहीत होतं ते आक्काच्याच तोंडून, भाकरी थापताना तिनं सांगितलेलं, तुकड्यातुकड्यांनी. आणि प्रत्येक वेळी सांगून झालं की ती म्हणायची, "तुला भूक लागली का?" म्हणजे विषय संपला. आई गेली तेव्हा गुंडू दुसरीत होता. वडील नेसरीला गेले आणि आक्काला घेऊन आले. चार दिवसांसाठी म्हणून. तेरावा होईस्तोवर म्हणून. पोरगं जरा सावरेस्तोवर म्हणून. कुणी तिला "राहशील का?" असं विचारल्याचं गुंडूला आठवत नाही. चूल पेटवायला बाई हवी होती, ती आली, चूल पेटली. वडील वाईट नव्हते हो, पण हा प्रश्न विचारायचा असतो हेच त्यांच्या गावी नव्हतं.

तानाबाई एकदा न्यायला आली होती. ते मात्र त्याला लख्ख आठवतं. उन्हात तांबडी झालेली, कपाळभर गोंदलेली, सोप्यात ऐसपैस मांडी घालून बसलेली बाई, आणि तिच्यापुढं चहाची बशी. आक्का आत पातळ बदलत होती आणि बदलताना गाणं गुणगुणत होती; तिला गाणं येतं हे गुंडूला त्या दिवशीच कळलं. पाहुणा जाऊ नये असं वाटलं की त्याच्या चपला लपवायच्या, ही तर घरोघरच्या पोरांची रीत. मोठी माणसं खोटंखोटं रागावतात, शोधतात, हसतात, आणखी एक चहा होतो. गुंडूनं आक्काच्या चपला उचलल्या आणि कडब्याच्या गंजीत खोल खुपसल्या, कोपरापर्यंत हात घालून. कडबा टोचलेला त्याला अजून आठवतो. पण या खेळात शेवटी चपला आणून द्यायच्या असतात. त्यानं दिल्या नाहीत. सगळ्यांनी शोधलं, विचारलं, दटावलं, वडिलांनी एक ठेवूनसुद्धा दिली, पण हा पठ्ठ्या दातखीळ बसल्यासारखा गप्प. गाडीची वेळ झाली. तानाबाई आक्काला म्हणाली, "अनवाणी चल की गं, पाय काय मेणाचं हाईत?" आक्का उंबऱ्याशी गेली. तिथून तिनं मागं वळून गुंडूकडं पाहिलं, आणि मग ती हसली आणि म्हणाली, "न्हाय आत्ती, फुडल्या बाजाराला येतो." पुढला बाजार काही आला नाही. आयुष्यभर आक्का ही गोष्ट गंमत म्हणून सांगत आली, विमलला, शेजारणींना, त्याच्या मुलाला. "ह्या गुंड्यानं माझी चप्पल दडीवली म्हणून ऱ्हायलो," असं म्हणायची आणि सगळे खदखदून हसायचे. गुंडूसुद्धा हसायचा. हसण्यासारखी गोष्ट होती, असं त्याला कालपरवापर्यंत वाटत होतं.

मधल्या एवढ्या वर्षांत तिला एकदा नेसरीला नेऊन आणणं म्हणजे काय मोठं होतं? एका दिवसाचं काम. सकाळी निघून जेवायला तिथं, दिवेलागणीला परत. आयटीआय झाली, नोकरी झाली, नोकरी सोडून स्वतःचा धंदा झाला, गाडी आली, त्याच गाडीनं तो गोव्याला गेला, तिरुपतीला गेला, आणि आक्का म्हणाली की "एकदा नेसरीला जाऊ या रं" तर तो म्हणायचा, "जाऊ की, हे काम उरकू दे." तानाबाई वारल्याचं कळलं तेव्हाही एक काम उरकायचं राहिलं होतं. काम कुठलं ते आता आठवतसुद्धा नाही. आक्कानं त्या दिवशी मोरीत जाऊन अंघोळ केली, बाहेर आली आणि त्याच्या डब्याच्या भाकऱ्या थापल्या. आपण तिला दावणीला बांधलं, त्याच्या मनात आलं. कुलूप काय, मागच्या वर्षी लागलं. या विचारासरशी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. गाडी केव्हाच साइटवरून निघून ताराराणीच्या पुतळ्याजवळ थांबली होती, आणि मागच्या टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवून शिवी हासडली, "झोपलाय काय वो पावणं?" तेव्हा कुठं सिग्नल सुटल्याचं त्याच्या ध्यानात आलं.

आज जायचं. त्यानं ठरवूनच टाकलं, आणि ठरवल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं की वाटेत थांबून त्यानं सीताफळं घेतली, रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून. तानाबाई नसली तर नसू दे; घर असेल, बाजार असेल, आक्काची बसायची जागा असेल. कुणी पुतण्या, दीर, कुणीतरी ओळख देईल. ती तिथल्या मातीवर पाय ठेवील आणि तिला काय आठवायचं ते आठवेल, नाही आठवलं तरी नेलं एवढं तरी होईल. राहायचं म्हणाली तर? तर राहू दे, तो स्वतःलाच म्हणाला, आपणही राहू चार दिवस. हे असं सगळं तो राजारामपुरीच्या चढावर गाडी घालताना मनात बोलत होता, आणि कुणाला तरी काहीतरी फार उशिरा कबूल केल्यासारखं त्याला वाटत होतं.

कार्ड लावून तो आत आला. धोंडुबाई लसूण सोलत बसली होती. आक्का खिडकीशी खुर्चीत, हात मांडीवर, डोळे कुठं तरी. चहाचा कप शेजारी रिकामा पडलेला.

"आज पिशवी नाही भरली?" गुंडूनं विचारलं.

"आता कुठलं भरतात," धोंडुबाई म्हणाली. "पाडव्याच्या आदीच सोडलं त्यांनी ते. पयल्यांदा लई करायच्या. दार ढकलायच्या, मुठी मारायच्या, त्या पेटीला हात जोडायच्या. मला म्हणायच्या, बाई, तेवढं उगड की. मग एक दिवस हुब्या ऱ्हायल्या दाराम्होरं लई येळ, आन् फिरल्या माघारी. तवापासनं तिकडं फिरकतबी न्हाईत. लई शांत झाल्यात बगा आता, काय तरास न्हाय."

शांत झाली, असं त्यालाही वाटलं होतं. गोळ्या लागू पडल्या असं तो विमलला म्हणालाही होता. जिच्या डोक्यात सकाळचं संध्याकाळी राहत नव्हतं, भावाचं तोंडसुद्धा राहत नव्हतं, त्या बाईनं या आजारात एकच नवी गोष्ट शिकून घेतली होती, की हे दार उघडत नाही. रोज डोकं आपटून शिकली असणार. आणि शिकवलं कुणी? त्याला उभं राहवेना. त्यानं हत्याराच्या पेटीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला, स्टुलावर चढला, दारावरची पेटी उघडली आणि विजेची आणि बॅटरीची, दोन्ही वायरी उपसून काढल्या. वरचा चुंबक सुटला. दार त्यानं भिंतीला टेकेपर्यंत उघडलं. जिन्यातलं ऊन सरळ आत फरशीवर आलं, खालच्या मजल्यावरच्या फोडणीचा वास आला.

"काय केलंसा वो साहेब हे?" धोंडुबाई ओरडली. "वहिनी काय म्हणतील?"

गुंडू तिच्याकडं न बघता आक्काच्या पुढ्यात उकिडवा बसला. तिचे हात हातात घेतले. "आक्का, ऊठ. नेसरीला जायचंय. गाडी आणलीय मी."

नेसरी म्हटल्यावर तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं. ती त्याच्याकडं बघू लागली, बारकाईनं, मिरची पारखावी तशी. मग उठली. धोंडुबाईनं पुढं होऊन तिचा पदर सारखा केला. गुंडूनं तिच्या चपला आणल्या, खाली बसून एकेक पाय उचलून चढवल्या, आणि तिनंही लहान पोरासारखे पाय पुढं केले. त्याचा हात धरून ती दारापर्यंत चालत आली. तिचा हात ऊबदार होता आणि पकड चांगली घट्ट होती, आणि आता तिकडं पोचेपर्यंत काही बोलायचंच नाही, असं गुंडूनं ठरवलं. तो उंबरा ओलांडून बाहेर जिन्यात उतरला, वळला आणि तिला आधार द्यायला त्यानं दुसरा हात पुढं केला.

आक्का उंबऱ्याच्या आत थांबली होती. तिनं त्याच्या हातातून आपला हात सोडवून घेतला, हळूच, परक्या पुरुषाचा हात सोडवावा तसा, आणि पदर डोक्यावरून ओढून घेतला. मागं वळून एकदा घरात बघितलं. मग आवाज खाली करून, आत कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, ती त्याला म्हणाली, "पावणं, तुमी व्हा म्होरं. मला न्हाय जमायचं आज. माझा भाऊ ल्हान हाय. मी गेलो की ह्यो जेवत न्हाय." तिनं त्याच्याकडं आशेनं पाहिलं. "पर माझ्या आत्तीला तेवढं सांगा की. माझी बाजारातली जागा कुणाला देऊ नको म्हणावं. ह्यो जरा मोटा झाला की मी येतो."

जिन्यात कुणाची तरी पावलं वाजली आणि खालच्या मजल्यावर थांबली. आक्का उत्तराची वाट बघत होती.

"सांगतो," गुंडू म्हणाला.